आभासी जगातला नाताळ बाजार

नाताळ बाजार म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे ख्रिस्ती पंचांगातल्या आगमनकाळात, गावाच्या मुख्य चौकात भरणारा हंगामी बाजार. त्याचे माहेर जर्मन भाषा बोलणारा मध्य युरोप. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या बाजाराची एक शाखा संगणकावरच्या सामाईक जगांत वाढली. तिथे माणूस अवताराच्या रूपाने येतो, लाकडी ठेल्यांमधून हिंडतो, बर्फात घसरतो आणि त्या जगाच्या चलनात खरेदी करतो. मूळ बाजाराला थंडी, अंधार, उपास आणि मुदत या गोष्टी निसर्गाकडून, धर्माकडून किंवा राजाकडून मिळाल्या होत्या. आभासी बाजारात यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी बसून तयार करावी लागते. या शाखेचा इतिहास बऱ्याच अंशी या तयारीचाच इतिहास आहे.

जर्मनीतल्या सर्वांत जुन्या नाताळ बाजारांपैकी एक ड्रेस्डेनचा. सॅक्सनीचा राज्यकर्ता फ्रेडरिक दुसरा याने १४३४ मध्ये ड्रेस्डेन शहराला नाताळच्या तोंडावर एक दिवसाचा बाजार भरवायची परवानगी दिली. उपासाचे दिवस संपताना घरोघरी मांस लागे आणि ते विकायला हा दिवस होता. बाजाराचे नाव मात्र मांसावरून पडले नाही. सुका मेवा घातलेल्या लांबट गोड पावाला तिथे ‘श्ट्रीत्सेल’ म्हणत, त्यावरून तो श्ट्रीत्सेलमार्क्ट झाला. हाच पाव आज श्टोलन या नावाने जगभर जातो. आगमनकाळात लोणी वर्ज्य असल्याने तो आरंभी तेलात करत आणि साहजिकच बेचव लागे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केले, तेव्हा कुठे १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवा याने लोणी वापरायची मोकळीक दिली. बाजार भरवायला राजाची परवानगी आणि पावात लोणी घालायला पोपची, असा तो काळ होता.

स्ट्रासबुर्गमध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत संत निकोलसच्या नावाचा जुना बाजार बंद झाला आणि १५७० मध्ये बाळ ख्रिस्ताच्या नावाने नवा सुरू झाला. न्यूर्नबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा कागदपत्रात नसून एका वस्तूवर आहे. फुले रंगवलेली एक लंबगोल लाकडी डबी तिथल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती बाळ ख्रिस्ताच्या बाजारातली भेट असल्याची नोंद तिच्यावर आहे. साल १६२८. १७३७ पर्यंत शहरातल्या जवळजवळ सगळ्या कारागिरांना या बाजारात जागा मिळाली होती आणि माल मांडायचा हक्क सुमारे १४० जणांकडे होता. हक्क नसलेल्याला तिथे ठेला लावता येत नसे. मालही त्या मुलखातलाच असे. सोनेरी पत्र्याचे देवदूत, सुक्या आलुबुखारांची माणसे, मसालेदार लेबकूखन बिस्किटे हा न्यूर्नबर्गचा माल. एर्त्सगेबिर्गे डोंगरातल्या खाणी आटल्यावर सायफेनसारख्या गावांतले खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. अक्रोड फोडणारे शिपाई आणि तोंडातून धूप सोडणारे लाकडी म्हातारे त्यांच्याकडून आले.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली तसे अनेक बाजार मुख्य चौकातून कडेला ढकलले गेले. न्यूर्नबर्गचा बाजार १९३३ मध्ये नाझी नगरपालिकेने परत मुख्य चौकात आणला. परंपरेचा देखावा त्या राजवटीला हवाच होता. युद्धात बाजार थांबला आणि १९४८ मध्ये, शहराचा बराचसा भाग ढिगाऱ्यात असतानाच, पुन्हा भरला. सोनेरी केसांच्या ‘क्रिस्टकिंड’च्या, म्हणजे बाळ ख्रिस्ताच्या, वेशातली व्यक्ती तेव्हापासून चर्चच्या सज्जातून बाजाराचे उद्घाटन करते. १९६९ पासून या मानासाठी शहरातल्या मुलींमधून दर दोन वर्षांनी निवड होते. २०१९ मध्ये निवडून आलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय होते. त्यावर एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने वंशद्वेषी शेरा मारला आणि शहराने तिची बाजू ठामपणे घेतली. एव्हाना बाजाराचा साचा परदेशीही गेला होता. शिकागोत १९९६ पासून न्यूर्नबर्गच्या धर्तीवर बाजार भरू लागला. एका गावचा बाजार उचलून दुसऱ्या खंडातल्या चौकात जसाच्या तसा मांडता येतो, हे यातून सिद्ध झाले. संगणकाच्या पडद्यापर्यंतचे अंतर त्यानंतर फारसे उरले नव्हते.

पडद्यावर बाजार मात्र नाताळाच्या कितीतरी आधी आला होता. १९८६ च्या सुमारास लुकासफिल्म गेम्सने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचे जग चाचणीसाठी उघडले. टेलिफोनच्या तारेवरून जोडलेले अनेक लोक त्यात एकाच वेळी चित्ररूपाने वावरत. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे रचनाकार. प्रत्येक नव्या रहिवाशाला २,००० टोकन मिळत आणि रोज हजेरी लावल्याबद्दल आणखी १००. गावोगावी विक्रीची यंत्रे होती, जुन्या वस्तू विकत घेणारी यंत्रेही होती. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळत होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र तीच १०० ला घेत होते. काही रहिवाशांनी रात्रभर बाहुल्या वाहिल्या. त्या पैशांतून त्यांनी १८,००० चे स्फटिकाचे गोळे घेतले आणि ३०,००० ला विकले. सकाळी रचनाकारांनी हिशेब पाहिला तेव्हा त्या जगातला एकूण पैसा पाचपट झाला होता. आभासी व्यापाराच्या इतिहासातला पहिला मोठा धडा हाच. भाव कुणीतरी ठरवून दिले तरी गिऱ्हाईक त्यातली फट शोधते.

दुसरा धडा ‘एव्हरक्वेस्ट’ने दिला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या खेळात राक्षस मारायचे आणि त्यांच्याकडून मिळालेल्या तलवारी-चिलखते वापरायची, एवढीच कल्पना होती. खेळाडूंना एकमेकांशी सौदा करायला कंपनीने जागा दिली नव्हती, ती त्यांनीच शोधली. ईस्ट कॉमनलँड्स नावाच्या माळावरचा एक बोगदा सोयीचा होता, कारण तिथून ये-जा सोपी होती आणि हल्ल्याची भीती कमी. संध्याकाळ झाली की शेकडो अवतार त्या अंधाऱ्या बोगद्यात उभे राहून मालाची नावे ओरडत, म्हणजे टंकत. २००१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कास्ट्रोनोव्हा यांनी या जगाची उलाढाल मोजली. दरडोई उत्पन्नात ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध बसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने अधिकृत बाजारपेठ बांधून दिली. तिथे दुकान मांडायचे तर अवतार रात्रभर गल्ल्यावर बसवून ठेवावा लागे, म्हणून विक्रेते संगणक चालू ठेवून झोपत. कंपनीने कितीही सोय केली तरी बोगद्यातल्या गर्दीची आठवण जुने खेळाडू आजही काढतात, आणि त्यात नवल नाही. ती जागा त्यांची स्वतःची होती.

नाताळ या जगांत शिरला तो प्रथम सजावट म्हणून. ख्रिस्ताचे नाव मात्र सहसा आले नाही, कारण ज्या जगात एल्फ, ऑर्क आणि ड्रॅगन राहतात तिथे बेथलेहेम बसवणे अवघड होते. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने त्याच डिसेंबरात ‘विंटर व्हेल’ नावाचा सण साजरा केला. आयर्नफोर्ज आणि ऑर्ग्रिमार या दोन शत्रुराजधान्यांत झाड उभे राहिले आणि सांतासारखा दाढीवाला म्हातारा येऊन बसला. ‘स्मोकीवूड पाश्चर्स’ या काल्पनिक दुकानदाराने दोन्हीकडे ठेले मांडले. झाडाखालच्या भेटी २५ डिसेंबरपासूनच उघडतात. सण कंपनीचा असला तरी त्यातला बाजार खेळाडूंनी घडवला. म्हाताऱ्याला आल्याची बिस्किटे हवी असतात आणि बिस्किटांना ‘लहान अंडे’ लागते. वर्षभर कुणी ढुंकून न पाहणारी ही अंडी डिसेंबरात लिलावघरात कित्येक पट भावाने जातात, त्यामुळे धूर्त खेळाडू ती आधीच साठवतात. दिवाळीच्या तोंडावर झेंडूचा भाव चढतो तसे हे चालते, फक्त इथे पावसाने पीक बुडायची भीती नसते.

मुलांच्या ‘क्लब पेंग्विन’ या जगात याच काळात वेगळा प्रयोग झाला. कॅनडात जन्मलेले आणि २००७ मध्ये डिस्नेने विकत घेतलेले हे जग होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुलांना आपली खेळातली नाणी दानपेटीत टाकता येऊ लागली. कोणत्या कारणाच्या पेटीत किती नाणी पडली, त्या प्रमाणात कंपनीने दहा लाख खरे डॉलर संस्थांना वाटले.

चौकात ठेला लावून स्वतः केलेला माल विकणे, या मूळ अर्थाने नाताळ बाजार उभा राहिला तो ‘सेकंड लाइफ’मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतल्या लिंडन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये सुरू केले आणि फिलिप रोझडेल हे त्यामागचे मुख्य नाव. यात मारायला राक्षस नाहीत, जिंकायला काही नाही. जमीन आहे आणि ती भाड्याने मिळते. त्या जमिनीवरचे घर, झाड, खुर्ची, अंगावरचा कोट, सगळे रहिवाशांनी बनवलेले असते. २००३ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की रहिवाशाने बनवलेल्या वस्तूचे बौद्धिक हक्क त्याचेच राहतील. लिंडन डॉलर हे चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येते. अनेक वर्षे एका अमेरिकन डॉलरला सुमारे २५० लिंडन डॉलर असा भाव राहिला आहे. म्हणजे शंभर लिंडन डॉलरची लोकरी टोपी साधारण चाळीस सेंटला पडते. एवढ्या किरकोळ भावातही धंदा होतो, कारण टोपी एकदाच विणायची आणि हजारदा विकायची असते.

इथे बाजार भरवायचा तर आधी जमीन लागते. एक प्रदेश म्हणजे २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद चौरस. त्यावर किती वस्तू मांडता येतील याला मर्यादा असते. सुरुवातीची अनेक वर्षे ही मर्यादा १५,००० ‘प्रिम’ होती. प्रिम म्हणजे घन, गोल, नळकांडे असा एक मूळ तुकडा, आणि सगळ्या वस्तू अशा तुकड्यांतून जुळवलेल्या असत. बारीक कोरीव कामाचा ठेला आणि फांदी-फांदीचे देवदार झाड मांडले की तुकडे भराभर संपत. त्यामुळे आयोजक विक्रेत्याला जागेबरोबर प्रिमचा वाटाही मोजून देत. २०११ मध्ये ‘मेश’ पद्धतीच्या वस्तू आल्या आणि कमी खर्चात जास्त नक्षी शक्य झाली. जुने प्रिमचे ठेले त्यानंतर ओबडधोबड दिसू लागले आणि बऱ्याच विक्रेत्यांना सगळा माल नव्याने करावा लागला. गर्दीलाही मर्यादा होतीच. एका प्रदेशात काही डझन अवतार जमले की हालचाल चिकट होते, म्हणून मोठे बाजार शेजारशेजारच्या अनेक प्रदेशांत पसरतात आणि पाहुण्यांना जडजवाहीर काढून हलक्या वेशात यायची विनंती केली जाते.

मग अंधार. नाताळ बाजाराचा अर्धा जीव त्याच्या दिव्यांत असतो. मध्य युरोपात डिसेंबरात चार-साडेचारला सूर्य मावळतो, तेव्हा दिवे लावावेच लागतात. सेकंड लाइफमधला मूळ दिवस चार तासांचा, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. ठेल्याची दिवाळी ऐन रंगात आली असताना सूर्य उगवला तर सगळा थाट फिका. त्यामुळे बाजाराचे मालक आपल्या प्रदेशाचा सूर्य मध्यरात्रीवर किंवा तिन्हीसांजेवर अडकवून ठेवतात. बर्फही असाच घडवावा लागतो. जमिनीला पांढरा पोत चढवतात आणि हवेतले कण एखाद्या अदृश्य वस्तूतून सोडतात. या कणांना छत अडवत नाही. निष्काळजीपणे सोडलेला बर्फ घराच्या आत, शेकोटीवर आणि जेवणाच्या टेबलावरही पडत राहतो. नवख्या आयोजकाची ओळख यावरून पटे.

ठेल्यावर विक्रेता सहसा नसतोच. मालाचे चित्र लावलेली पाटी असते. तिच्यावर टिचकी मारून पैसे दिले की वस्तू खरेदीदाराच्या सामानात येऊन पडते आणि पैसे विक्रेत्याच्या खात्यात जातात, मग तो झोपला असला तरी. भेट देण्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. प्रत्येक वस्तूवर तीन परवानग्या असतात, नक्कल करण्याची, बदल करण्याची आणि दुसऱ्याला देण्याची. नक्कलही करता येते आणि देताही येते अशी वस्तू विकली तर पहिलाच खरेदीदार ती गावभर फुकट वाटू शकतो, म्हणून विक्रेते यातली एक परवानगी सहसा काढून घेतात. नक्कल चालणारा कोट मित्राला देता येत नाही. नाताळ बाजारात तर अर्धी खरेदी दुसऱ्यांसाठीच असते, म्हणून पाटीवर ‘भेट म्हणून घ्या’ अशी वेगळी सोय करण्याची पद्धत रुळली. पैसे एकाने द्यायचे आणि वस्तू थेट दुसऱ्याच्या नावावर जायची.

खरेदीपेक्षाही लोकांना खेचतो तो शोधाचा खेळ. ठेल्यांच्या आडोशाला, झाडांच्या मागे लहान लाल गोळे किंवा बिस्किटे दडवलेली असतात. सापडले की फुकट किंवा एका लिंडन डॉलरला आतली भेट मिळते. शोधता शोधता पाहुणा प्रत्येक दुकानासमोरून जातो, हा विक्रेत्याचा फायदा. नशिबावर चालणारी ‘गाचा’ यंत्रेही या बाजारांत बरीच वर्षे जोरात होती, कंपनीने २०२१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. कमाईचा एक भाग दानाला जातो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी सेकंड लाइफमध्ये २००५ पासून निधी गोळा होतो आणि डिसेंबरातला ‘ख्रिसमस एक्स्पो’ हा त्याचाच एक भाग. अलीकडे कंपनी स्वतःही सुट्ट्यांच्या काळात मोठा खरेदी-मेळा भरवते आणि त्यात सहभागी होणारे विक्रेते एकेक वस्तू फुकट ठेवतात.

या जगात जर्मन रहिवासी मोठ्या संख्येने होते. आक्सेल श्प्रिंगर या बड्या प्रकाशनसंस्थेने २००६ च्या डिसेंबरात खास सेकंड लाइफसाठी ‘अवास्टार’ हे साप्ताहिक काढले. २००७ मध्ये ड्रेस्डेनच्या जुन्या चित्रांच्या संग्रहालयाने आपली इमारत आणि ७५० चित्रे तिथे हुबेहूब उभी केली. २००९ पासून १९२० च्या दशकातल्या बर्लिनची एक वस्तीही तिथे आहे. तिच्यात शिरायचे तर त्या काळचा पोशाख लागतो आणि हिवाळ्यात गल्ल्यांवर बर्फ पडतो. सणाचा तपशील कुठून आणायचा हे या जर्मन रहिवाशांना माहीत होते. अमेरिकी बांधणीच्या बाजारांत लाल-पांढऱ्या साखरकांड्या आणि सांताचे गाव जास्त दिसते. जर्मन बांधणीत लाकडी मनोरा, गरम मसालेदार वाइनची किटली आणि भाजक्या बदामांचा ठेला असतो. वास मात्र दोन्हीकडे नाही, आणि खऱ्या बाजारात हिंडलेल्या माणसाला हीच उणीव सर्वांत आधी जाणवते.

सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालते. तिथे संध्याकाळी सहाला ठरलेला गाण्याचा कार्यक्रम डिसेंबरात पुण्या-मुंबईच्या रहिवाशाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गाठावा लागतो. युरोपातल्यांसाठी तीच वेळ पहाटे तीनची. म्हणून मोठे बाजार गायकांच्या वेळा दिवसभरात पसरून ठेवतात.

२०२० मध्ये कोरोनामुळे न्यूर्नबर्ग आणि ड्रेस्डेन या दोन्ही ठिकाणचे बाजार रद्द झाले आणि २०२१ मध्येही भरले नाहीत. युद्धानंतर असे पहिल्यांदाच घडत होते. त्या काळात ठेलेवाल्यांचा माल विकायला संकेतस्थळे निघाली. कार्यालयांनी पडद्यावरच्या छोट्या नकाशांत सहकाऱ्यांना गोळा केले आणि सेकंड लाइफमध्ये जुने रहिवासी परतले. यातले बरेच प्रयोग साथ ओसरताच बंद पडले. चौकात उभे राहून पेला हातात धरण्याची सवय लोकांनी लगेच परत घेतली. जे आधीपासून त्या जगात राहत होते त्यांचे बाजार तेवढे पूर्वीसारखे चालू राहिले.

जानेवारीत आभासी बाजार उठतो तेव्हा झाडझूड लागत नाही. जमिनीचा करार संपला की उरलेल्या वस्तू मालकाच्या सामानात परत जातात आणि संपूर्ण ठेला एका ओळीच्या नावाखाली साठवून पुढच्या नोव्हेंबरात बाहेर काढता येतो. कंपनीनेच दार बंद केले तर मात्र हा आधार राहत नाही. ‘क्लब पेंग्विन’ मार्च २०१७ मध्ये बंद झाले आणि मुलांची नाणी व इग्लू त्याच्याबरोबर गेले. ‘हॅबिटॅट’ वाचले ते त्याची मूळ आज्ञावली रचनाकारांनी जपून ठेवली होती म्हणून. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका संग्रहालयाच्या पुढाकाराने ती २०१६ मध्ये खुली झाली. स्वयंसेवकांनी तिच्या आधारे ते जग पुन्हा चालू केले.